दाजींच्या हातावर टांगलेली खोली

हॉटेलातली सगळ्यात महाग खोली शेवटी पोहण्याच्या तलावात उतरली. आतले चौघे गुडघाभर पाण्यातून सुखरूप बाहेर आले, बशा वाहून गेल्या, आणि दाजींचा उजवा हात थरथरतो हे ज्या एकीला कळायला नको होतं, नेमकं तिलाच कळलं. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आता हे विसरा. असं काहीही झालेलं नाही. खोली जमिनीवर आहे, तलावात फक्त पाणी आहे, आणि दाजी तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात नळाशी भांडताहेत.

नळाला तोटी नव्हती. खाली हात धरला की पाणी यायचं, हात काढला की थांबायचं. दाजींनी उजवा हात धरला. पाणी आलं, गेलं, आलं, गेलं. नळाचा समज झाला की हा माणूस मस्करी करतोय.

बाहेरून मुलगी म्हणाली, "बाबा, तो नळ उचक्या का देतोय?"

"हॉटेल नवीन आहे. त्याला अजून माणसांची सवय नाही."

"बघू का मी?"

"नको! नळ माझा मी बघतो. तू केस विंचर."

दाजींनी डाव्या हाताने तोंड धुतलं आणि उजवा कोटाच्या खिशात घातला. गेले काही महिने तो तिथेच राहायला होता. नुसता लोंबकळत असला की गरीब गाईसारखा, पण काही धरायला, दाखवायला पुढे केला की थरथर सुरू. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. फोनवर हात दिसत नाही, त्यामुळे आजवर निभावलं होतं. पण आता बापलेक दोन दिवस एकाच खोलीत होते, आणि हे हॉटेल असलं चावट की इथे प्रत्येक गोष्ट हात हलवून चालायची. दिवा हात हलवून लागायचा. पडदा हात हलवून सरकायचा. आदल्या दिवशी दाजींनी चष्मा घ्यायला हात पुढे केला तर दिव्याने लग्नाच्या मांडवासारखी उघडझाप केली होती.

मुलीचं ठरत आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी परदेशात, लग्नानंतर दोघांनी तिकडे जायचं. आज संध्याकाळी चहावर शेवटची बोलणी. दाजी आपल्या पोरीला ओळखून होते. हात कळला तर ती जाणार नाही. बॅग उघडून बसेल, डॉक्टर शोधेल, आणि उरलेलं आयुष्य बापाला चमच्याने सूप भरवण्यात काढेल, वर म्हणेल की मला सूप आवडतंच. त्यामुळे आजची संध्याकाळ एवढी पार पडली, तिने हो म्हटलं, की उद्या हात खांद्यातून गळून पडला तरी दाजींची हरकत नव्हती.

हे हॉटेल मुलाकडच्यांनी निवडलं होतं. त्यांना काय माहीत, की ही इमारत म्हणजे जुन्या धक्क्यावरचं गोदाम आणि दाजींची सगळी नोकरी याच धक्क्यावर झाली होती. बंदर बंद पडलं, काही वर्षं इथे फक्त कावळे हजेरी लावत होते, मग कुणाला तरी गंज सुंदर असतो असा शोध लागला. आता गोण्या टांगायच्या आकड्यांना पाहुण्यांचे कोट होते, पेट्यांच्या फळ्यांचे पलंग होते, आणि जिथे पूर्वी माणसाला घाम पुसायला चिंधी मिळायची नाही तिथे उशा चार प्रकारच्या होत्या.

दाजी इशारेवाले होते. म्हणजे क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसायचा, त्याला खालचा माल नीट दिसायचा नाही, आणि खाली पिवळ्या गोलात उभं राहून दाजी हाताने सांगायचे. बोट वर फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की उतरव. हात लांब करून दाखवला की त्या बाजूला फिरव. मूठ म्हणजे थांब. बोटं हलवली म्हणजे हळू. हे सगळं उजव्या हाताचं. डावा हात म्हणजे सुट्टीवरचा हात. त्याने माश्या हाकलाव्यात, डोकं खाजवावं, क्रेनवाला त्याच्याकडे बघणारच नाही. आणि एक पक्का नियम: ज्याने उचललं, त्यानेच उतरवायचं. मध्येच साहेब येवो, मंत्री येवो, वजन हवेत असेपर्यंत हात एकाचाच.

वरचा क्रेनवाला म्हणजे दाजींच्या बायकोचा सख्खा भाऊ, मुलीचा मामा. तो 'दाजी' म्हणायचा म्हणून सगळा धक्का दाजी म्हणायला लागला. लग्न एकीशीच झालं, पण मेहुणे शेकड्याने मिळाले. दोघांनी मिळून डोंगरभर माल हलवला. मग बंदर बंद व्हायच्या दिवशी पेपरवाल्याने फोटो काढला. त्यात मामा केबिनमध्ये राजासारखा बसलेला, आणि कोपऱ्यात दाजींचा फक्त हात, तोही मनगटापासून पुढे. खाली छापलं होतं, 'क्रेन आणि तिचा चालक'. मामाने तो फोटो चौकटीत लावून घेतला. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. दाजींची बायको गेली तेव्हाही बोलले नाहीत. दोघांनी एकाच रुमालात नाक शिंकरलं आणि आपापल्या वाटेने गेले.

आणि हॉटेलने क्रेन ठेवली होती. मामालाही ठेवलं होतं, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून. क्रेनच्या टोकाला आता काचेची एक खोली टांगलेली असे. पाहुणे आत बसायचे, मामा खोली उचलून समुद्रावर धरायचा, पाहुणे चहा प्यायचे आणि पैसे दिल्याच्या समाधानाने खाली बघायचे. चहा संपला की खोली परत तिच्या सिमेंटच्या ओट्यावर.

मुलाच्या आईने चहा ठेवला होता तो तिथे.

"तुम्ही नाही येत?" होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या.

"मला उंची सोसत नाही," दाजी म्हणाले.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर क्रेनखाली उभे होतात!" मुलगी म्हणाली.

"खालीच उभा होतो ना? तेच तर म्हणतोय."

खरं कारण कपबशी. बशीतल्या कपाचा थरथरता आवाज काचेच्या खोलीत कुठे लपवणार होते? विहीणबाईंनी ओठ जरासे मुडपले. होणारे व्याही काहीच बोलले नाहीत. ते बहुधा लग्नापासूनच बोलत नव्हते. मुलगी, मुलगा आणि त्याचे आईवडील, असे चौघं आत बसले. हॉटेलच्या व्यवस्थापकाने वॉकीटॉकीवर आज्ञा दिली, आणि खोली उचलली गेली. दाजींनी वर पाहिलं. मामाने पाहिलं असेल तर त्याने तसं कळू दिलं नाही.

आता दाजी कुठे उभे राहिले? एवढा मोठा धक्का, बाक होते, कुंड्या होत्या, पण पाय आपोआप पिवळ्या गोलात गेले. हॉटेलने तो गोल फोटोसाठी जपून ठेवला होता. बाजूला पाटी होती, 'इथे उभे राहा आणि हात हलवा!' रोज कितीतरी पाहुणे तिथे हात हलवून जायचे. मामा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

व्यवस्थापक लगबगीने आला. चांगला माणूस होता. पुढे जे झालं त्यात त्याचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होतं, आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

"काका, तुमचा कप वर थंड होतोय. मुलीच्या बोलणीला वडील खाली म्हणजे कसं दिसतं? मी खोली खाली घेतो, तुम्ही बसा, परत वर नेतो."

"काही गरज नाही."

"अहो, आमच्याकडून भेट समजा." त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"नको म्हटलं ना!" दाजींचा जीव कपबशीत अडकला. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, हात करतो. उजवा हात खिशातून उडी मारून बाहेर आला. "वरच राहू दे त्यांना! वर!" आणि बोट आकाशाकडे फिरलं.

खोली सरसरत वर गेली.

दाजींच्या लक्षात आलं नाही. ते व्यवस्थापकाकडे बघत होते. "आणि तुम्ही जा पाहू तिकडे!" हात लांब झाला, समुद्राकडे.

खोली समुद्राकडे निघाली.

"काका," व्यवस्थापक वर बघत म्हणाला, "हे कोण करतंय?"

मग दाजींनी वर पाहिलं. आपला हात पाहिला. तो चोरासारखा खिशात गेला. खोली जिथल्या तिथे थांबली. म्हणजे थांबली ती क्रेन, खोली दोरावर झोके घेत राहिली.

"क्रेन, क्रेन, काय चाललंय? खोली ताबडतोब खाली घ्या," व्यवस्थापक वॉकीटॉकीत म्हणाला.

थोडी खरखर. मग मामाचा आवाज आला, शांत, जेवून उठल्यासारखा. "वजन दाजींच्या हातात आहे."

"कुणाच्या?"

"गोलात उभे आहेत त्यांच्या. त्यांनी उचललं, तेच उतरवतील. मला आता बोलायची मुभा नाही." आणि खट्. वॉकीटॉकी मेला.

"हा मनुष्य वेडा आहे का?"

"वेडा नाही," दाजी म्हणाले. "बरोबर बोलतोय तो. फोटोच्या वेळी नेमकं हे विसरला होता."

"मी सगळी वीज बंद करतो."

"केलीत तर ती अशीच राहील. उद्या तुमचे इंजिनिअर येईपर्यंत लटकत."

समुद्रावरून वारा सुटला. दुपारभर पानही हललं नव्हतं, पण वाऱ्याला बहुधा बोलणीचं आमंत्रण होतं. खोली एकदा समुद्राकडे गेली, एकदा इमारतीकडे आली. इमारतीच्या माथ्यावर हॉटेलचं नाव होतं, पुरुषभर उंचीच्या लोखंडी अक्षरांत. दर झोक्याला काच त्या अक्षरांच्या जवळ जात होती. पुन्हा गेली. आणखी जवळ.

व्यवस्थापकाच्या हातातला फोन वाजला. खोलीतून होता. विहीणबाई.

"छान आहे हं हे. फक्त एक विचारायचं होतं, हे चहाच्या दरात आहे की वेगळं लावणार?"

फोनमधून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. मग विहीणबाईंचा आवाज पुन्हा आला, पण आता तो निराळ्याच बाईचा वाटत होता. "अहो, टेबल सरकतंय. अहो, ऐकताय का? खाली घ्या. आम्हाला खाली घ्या!"

दाजींना काचेपाशी मुलगी दिसत होती. दोन्ही तळवे काचेला टेकलेले. ती अक्षरांकडे बघत नव्हती. समुद्राकडेही नाही. ती सरळ गोलात बघत होती. लहानपणी डबा घेऊन यायची तेव्हा धक्क्यावरच्या दोराच्या पलीकडे उभी राहून अशीच बघायची. इशारे तिला बाराखडीच्या आधी येत होते. शाळेत बाईंनी 'हळू वाच' म्हटलं तर ती बोटं हलवून 'समजलं' सांगायची, आणि बाई चिडायच्या.

म्हणजे तिला हे वाचता येणार. प्रत्येक बोट.

दाजींनी डावा हात वर केला. तळवा खाली दाबला. उतरव, उतरव. क्रेन ढिम्म. त्यांनी दोनदा, तीनदा केलं. मामाच्या दृष्टीने दाजी माश्या हाकलत होते.

"चालेना वाटतं," व्यवस्थापक पुटपुटला.

"तो हात मोजत नाहीत."

"मग मोजतात तो काढा ना! खिशात काय अंडी उबवताय?"

खोली परत आली, आणि या वेळी एका अक्षराच्या टोकाला काच घासली. आवाज असा आला की तलावाकाठी झोपलेली माणसं उठून बसली. मुलीचा एक हात काचेवरून निसटला आणि पुन्हा टेकला.

दाजींनी उजवा हात बाहेर काढला.

वर धरला. तो थरथरत होता. लांबून वाऱ्याने वाटेल असा नाही. धडधडीत, उघडानागडा थरथरत होता, सगळ्या धक्क्यासमोर. दाजींनी मनगट डाव्या हाताने पकडलं, तर दोन्ही थरथरायला लागले. त्यांनी डोळे मिटले, उघडले, तळवा खाली दाबला.

क्रेन हलली. खोली खाली यायला लागली, पण अशी, की जणू शिडीच्या पायऱ्या पायाने चाचपत उतरतेय. थोडी, थांब. थोडी, थांब. वर केबिनमध्ये मामा बोटांची थरथर वाचत होता. बोटं हलली म्हणजे हळू. आणि दाजींची बोटं थांबतच नव्हती, म्हणून मामा हळूपेक्षाही हळू होत होता.

"ओट्यावर घ्या, ओट्यावर," व्यवस्थापक म्हणाला.

दाजींनी ओट्याकडे पाहिलं. सिमेंटचा चौकोन, खोलीपेक्षा जेमतेम हातभर मोठा, काठाला लोखंडी खुंट. तिथे टेकवायचं तर शेवटच्या क्षणाला मूठ अशी लागते की तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा. ती मूठ आता त्यांच्याकडे नव्हती. खुंटावर काच टेकली तर?

ओट्याच्या पलीकडे तलाव होता. लांबरुंद, उथळ, निळा.

"तलाव रिकामा करा."

"काय?"

"माणसं बाहेर काढा. पाणी राहू द्या."

"काका, त्याच्या तळाला परदेशी फरशी आहे!"

"माझी पोरगी त्या खोलीत आहे."

मग व्यवस्थापक जो ओरडत सुटला, त्याला त्या हॉटेलात आजवर कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. माणसं टॉवेल सांभाळत पळाली. एक गृहस्थ रबरी गादीवर तरंगत फोनवर बोलत होते. त्यांनी बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली. व्यवस्थापक बूट, टाय, वॉकीटॉकीसकट पाण्यात उतरला आणि त्यांना गादीसकट ओढून काठाला लावलं. फोनवरचं बोलणं तुटलं नाही.

दाजींनी हात लांब केला, तलावाकडे. हात डावीउजवीकडे लहरत होता. एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला तलाव, मधे सगळे खुंट. मामा काय समजेल? मामाने क्रेन फिरवली. खोली ओट्याच्या वर येऊन थांबली. वर मामाही अडला होता. इथे की पुढे?

पुढे, दाजी मनात म्हणाले. अरे पुढे. त्यांनी सगळा दंड पुढे टाकला, पिवळ्या गोलाच्या काठापर्यंत पाय सरकवले, टाचा उचलल्या. गोलातून बाहेर पडायचं नसतं. त्यांनी एक बूट बाहेर टाकला.

खोली पुढे सरकली. खुंटांवरून गेली. तलावावर आली.

आता तळवा खाली. बोटं आपलीआपण 'हळू' म्हणत होती, एकदाच आयुष्यात कामाची थरथर. खोली पाण्याला टेकली, बुडबुडे आले, काचेच्या दाराखालून पाणी आत शिरलं, आत कुणीतरी किंचाळलं, आणि मग तळाच्या परदेशी फरशीवरून एक असा कडाड आवाज आला की व्यवस्थापकाने ओल्या टायने डोळे झाकले.

दाजींनी मूठ वळली. थांब.

ती मूठही थरथरत होती, पण मामा थांबला.

दार पहिल्यांदा मुलीने उघडलं. ती कुणासाठीही थांबली नाही. गुडघाभर पाण्यातून तरातरा आली, काठावर चढली, चपला सोडून दिल्या, आणि गोलात येऊन दाजींची अजून हवेत असलेली मूठ तिने खाली ओढली. दोन्ही हातांत धरली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"वारा होता गं."

"वारा आता पडलाय." खरंच पडला होता; त्याचं काम झालं होतं. मूठ तिच्या तळव्यांत पाखरासारखी धडपडत होती. "काल दिवा. सकाळी नळ. मला म्हणे, त्याला माणसांची सवय नाही!"

तेवढ्यात शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या व्यवस्थापकाच्या खिशात, पाण्याने निथळणारा, मेलेला वॉकीटॉकी खरखरला.

"दाजी."

कित्येक वर्षांनी. दाजींनी मान वर केली.

"बोटं हलत होती. मी म्हटलं, हळू सांगताय. बरोबर वाचलं ना?"

मुलीने वॉकीटॉकी घेऊन बापाच्या तोंडाशी धरला. एका हाताने, दुसऱ्याने मूठ सोडली नाही.

"बरोबर वाचलंस," दाजी म्हणाले. "हळूच म्हणत होतो."

वरून नाक शिंकरल्यासारखा आवाज आला.

मागून विहीणबाई आल्या, साडी पोटऱ्यांपर्यंत उचललेली, केसांत बिस्किटाचा तुकडा. होणारा जावई त्यांना धरून होता. होणाऱ्या व्याह्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि आयुष्यातलं बहुधा पहिलं वाक्य उच्चारलं. "मुलगी धीराची आहे."

"तोच विषय चालला होता," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "दोघांनी पुढच्या महिन्यात निघायचं, असं म्हणत होतो, तेवढ्यात टेबल निघालं."

"मी नाही निघत," मुलगी म्हणाली.

"निघशील," दाजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला आता खोटं बोलायला हात उरला नाही."

"अगं, हाताचं काय एवढं. मामा आहे, मी आहे..."

"मामा? ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही?"

"आत्ताच नाही का बोललो? तूच तर डबी धरलीस."

होणारा जावई पुढे झाला. त्याच्या बुटांत पाणी पचपचत होतं. "डॉक्टरकडे आधी जाऊया," तो म्हणाला. "तिकीट काय, पुढे ढकलता येतं." मुलीने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. पण मूठ सोडली नाही. दाजींनी हळूच सोडवायला पाहिली, तर तिने बोटं अशी आवळली की सुटायची सोयच उरली नाही. मग त्यांनी नाद सोडला. तिच्या हातात ती मूठ जराशी कमी हलत होती, किंवा ती दोघं मिळून हलत असल्यामुळे कळत नव्हतं.

तलावात खोली वाकडी बसली होती. एक बशी रबरी गादीवाल्या गृहस्थांपाशी वाहत गेली होती आणि त्यांनी फोन न सोडता ती उचलून काठावर ठेवली. क्रेनचा दोर ताणलेला होता, मामा केबिनमध्ये दांड्यावर हात ठेवून खाली बघत बसला होता. गोलातून दुसरा इशारा येईपर्यंत त्याला दोर सोडायचा नव्हता, आणि घरीही जायचं नव्हतं.

व्यवस्थापक भिंतीपाशी गेला. त्याने टाय पिळला. भिंतीवरचा ध्वनिक्षेपक सुरू केला, गळा साफ केला, आणि अशा परिस्थितीत प्रशिक्षणात शिकवलेल्या एकमेव आवाजात म्हणाला:

"सर्व सन्माननीय पाहुण्यांना झालेल्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे. पिवळ्या गोलातील सन्माननीय पाहुण्यांना याद्वारे नम्र विनंती करण्यात येते की, त्यांनी आपला उजवा हात कन्येच्या ताब्यातून तात्पुरत्या स्वरूपात मोकळा करून घ्यावा, व सूर्यास्तापूर्वी सदर खोली तलावातून उचलून, कोरड्या स्थितीत, आतील चहासह, तिच्या मूळ जागी पूर्ववत ठेवण्याची कृपा करावी."